समुद्र बघून आलेलं कुत्रं

शिमगा तोंडावर आलेला असताना घरगाडी तिसगावात शिरली, आणि तिच्या खिडकीतून सगळ्यात आधी तोंड बाहेर निघालं ते ठिपक्याचं. छबूबाई तेव्हा अंगणाच्या कडेला गोवऱ्या थापत होती. कोपरापर्यंत शेणाने भरलेले हात तसेच धरून ती उभी राहिली. कुत्रं तिचं होतं. बाजारतळावर पावसात कुडकुडत पडलेलं पिल्लू तिने पदराखाली घालून घरी आणलं होतं, ताकात भाकरी कुस्करून जगवलं होतं. अख्खा हिवाळा बाहेर काढून आता ते घरी येत होतं. धावत येईल, अंगावर चढेल, लुगडं घाण करील, म्हणून तिने तोंडात एक शिवीही तयार ठेवली होती.

ठिपक्या उडी मारून उतरला. तिच्यापाशी आला, शेणाचे हात हुंगले, शेपूट जराशी हलवली आणि माघारी जाऊन गाडीच्या दाराशी बसला. आतून राहीबाई उतरत होती. तो तिची वाट बघत होता.

"आक्का, बरं हाय न्हवं?" राही म्हणाली.

छबूबाईने तिच्याकडे पाहिलं. दिवाळीनंतर गेली तेव्हा या बाईची गालफडं बसली होती, चार पावलं चालली तरी छाती भात्यासारखी वाजायची. आता गाल भरले होते. कातडीवर तुकतुकी आली होती. उन्हाने रापली होती, पण शेतात राबून रापतं तशी नाही.

"बरंच हाय," छबूबाई म्हणाली. "तूच लई बरी दिसतीस." आणि ती पुन्हा शेणाकडे वळली.

राही तिची धाकटी जाऊ. राहीचा नवरा कानिफनाथ, म्हणजे छबूबाईचा दीर, अठरा वर्षं पलटणीत ड्रायव्हर होता. सत्तर साली पेन्शनीत निघाला आणि घरी येऊन बघतो तर बायकोचा दमा हाताबाहेर गेलेला. तिसगावची थंडी कोरडी, बोचरी. करंजीच्या डोंगरावरून पहाटेचा वारा सुटला की राहीचे ओठ निळे पडायचे. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, थंडीचे महिने हिला कुठंतरी उबदार हवेत घेऊन जा. कानिफनाथला वेंगुर्ल्याचा किनारा ठाऊक होता. गोव्याच्या लढाईच्या वेळी तो त्या बाजूने गाडी घेऊन गेला होता, आणि त्याच्याबरोबरच्या एका शिपायाची तिथे नारळाची बाग होती. पण परक्या गावात, परक्या घरात आजारी बायको ठेवायची कशी? तेवढ्यात नगरच्या छावणीत लिलाव निघाला, आणि मोडीत काढलेली एक जुनी अँब्युलन्स घेऊन तो गावात आला.

सगळा पावसाळा तो त्या गाडीखाली पडून होता. हिरवा रंग दिला, तरी दारावरची लाल फुली रंगाखालून दिसायचीच. आत झोपायला फळी टाकली, स्टोव्हला पत्र्याचा कट्टा केला, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे शिवून घेतले. टपावर पाण्याची टाकी बसवली आणि तिला खाली तोटी काढली. गावाने तिला घरगाडी असं नाव देऊन टाकलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी सामान भरलं तेव्हा छबूबाई आत शिरून बघून आली होती. तिने ती तोटी फिरवली. पाणी आलं. तिने बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा आलं. या घरात आल्यापासून तिने विहिरीवरून डोक्यावर आणि कमरेवर किती पाणी वाहिलं असेल ते देवालाच माहीत, आणि इथे नुसतं दोन बोटांनी फिरवायचं होतं.

पण तेव्हा तिला फारसं काही वाटलं नव्हतं. आजारपणाचा कुणी हेवा करतं का? बिचारी जगली तर बरं, असंच ती म्हणाली होती. निघताना राहीने विचारलं, "आक्का, ठिपक्याला न्हेऊ का राखणीला? हे कवा बाहेर गेले तर मी एकलीच." आणि छबूबाईने "न्हे की" असं म्हणून टाकलं होतं. तोंडातून शब्द गेला तो गेलाच.

आता मात्र रोज संध्याकाळी ओसरीवर राहीच्या गोष्टी सुरू झाल्या. समुद्र असा, वाळू अशी. सकाळी उठायचं, शेण नाही, दळण नाही. पायातलं काढून वाळूतून नुसतं चालत जायचं. माशाचं कालवण तिथल्या बायकांनी शिकवलं. पौष महिन्यात अंगावर पांघरूण लागत नाही.

"आन ठिपक्या तर येडाच," राही हसून म्हणाली. "लाट आली की आत शिरायचा, लाट गेली की भुंकायचा."

बायका हसल्या. छबूबाई ज्वारीतले खडे वेचत होती, तिचा हात थांबला. पौषात ती काय करत होती? तीन माणसांचं काम दोघांनी ओढलं होतं. खुरपणी, पाखरं राखणं, म्हशीचं व्यायणं. दोन्ही लेकी लग्न होऊन गेल्यापासून घरात तिच्या हाताशी कुणी नव्हतं. आणि तिच्या भाकरीवर वाढलेलं कुत्रं लाटांशी खेळत होतं!

जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, कुत्र्यानं समिंदर बघितला."

सहादेव कमी बोलणारा माणूस. घास गिळून म्हणाला, "मग?"

"मग काय न्हाई. मी न्हाई बघितला."

"तुला काय दमा झालाय का?"

खरंच होतं. तिला काहीच झालं नव्हतं कधी. आयुष्यात साधा ताप आला तरी ती कासोटा घट्ट करून कामाला लागली होती. दुसऱ्या दिवशी चूल फुंकताना तिने मुद्दाम थोडं खोकून पाहिलं. कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. गाडी गोठ्याशेजारी उभी असायची आणि ठिपक्या तिच्याखाली झोपायचा. भाकरी छबूबाईच्या हातची खायचा आणि झोपायला गाडीखाली जायचा. तिला ते सगळ्यात जास्त लागायचं. राहीने नुसती चुटकी वाजवली की कान टवकारून उभा. ती राहीला कधी वावगं बोलली नाही. पण राहीच्या हातून ताटली पडली, दूध उतू गेलं, की तिला आतल्या आत बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

एकाहत्तरची दिवाळी झाली. कानिफनाथ पुन्हा गाडीखाली शिरला. राही पडदे धुऊन वाळत घालू लागली. ती गुणगुणत होती. छबूबाईला ते गुणगुणणं माजघरापर्यंत ऐकू यायचं.

त्याच दिवसांत झुंबरबाई ताक मागायला आली. तिची वस्ती करंजीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. म्हणाली, लांडगा हिंडतोय, एक करडू नेलं, आता शेळ्यांचा भरवसा नाही.

"ठिपक्याला न्हे," छबूबाई म्हणाली. "राहू दे तुझ्याकडं. बांधून ठेव मातर, सवय न्हाई त्याला."

तिने काही ठरवलं नव्हतं. बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. तरी तिने स्वतःच दावं आणून दिलं. राही तेव्हा मागच्या बाजूला पडदे झटकत होती.

संध्याकाळी हाकाहाक सुरू झाली. ठिपक्या नव्हता. कानिफनाथ सायकल घेऊन मढीच्या रस्त्याने जाऊन आला, बाजारतळ पालथा घातला. "वैनी, तुमी बघितलं का हो?" त्याने विचारलं. छबूबाई सूप पाखडत होती. भुसा उडाला, तिने डोळे मिटून घेतले आणि मान फिरवली. त्याचा अर्थ कानिफनाथने 'नाही' असा घेतला. सहादेवाने विचारलं तेव्हा ती चुलीत लाकूड सारत होती.

"कुत्र्यापायी अडून बसायचं का?" कानिफनाथ बायकोला म्हणाला. "तिथं दुसरं मिळंल."

"दुसरं नगं," राही म्हणाली. "तुमी त्या बागवाल्या दोस्ताच्या ट्रकवर जाता, येता तिसऱ्या दिशी. मी त्या किनाऱ्यावर एकली. मागल्या साली दारू पिऊन तो मानूस दारावर आला तवा कोन हुतं? ठिपक्या सापडंस्तवर मी हलनार न्हाई."

छबूबाईने हे ऐकलं. तिला वाटलं होतं, राही चिडेल, रडेल आणि कुत्र्याशिवाय जाईल. मग निदान कुत्रं तरी आपलं राहील. ती अडून बसेल असं तिच्या मनात आलं नव्हतं. पण ती अडून बसली आणि छबूबाईला, खरं सांगायचं तर, गोड वाटलं. या वर्षी राहीसुद्धा इथेच. थंडीत, शेणात, धुरात. सगळ्यांबरोबर.

थंडी मात्र त्या वर्षी लवकर पडली. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता आठवडा उलटला आणि एका पहाटे राहीचा श्वास अडकला. नुसता घुसमटल्याचा आवाज. कानिफनाथ पाथर्डीहून डॉक्टर आणायला धावला. सहादेव शेगडी पेटवत होता, काडीमागून काडी वाया जात होती. छबूबाई राहीला छातीशी धरून बसली. ती इतकी हलकी होती की तिचा प्रत्येक श्वास छबूबाईच्या फासळ्यांवर आपटत होता. बोटांची नखं काळी पडत चालली होती. छबूबाई तिची पाठ चोळत होती आणि मनात एकच चाललं होतं, जाऊ दे हिला, जाऊ दे समुद्रावर, माझं काय जातंय.

उन्हं वर आल्यावर डॉक्टर आला, इंजेक्शन दिलं. हळूहळू श्वास सुटला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भावाला सोबत घेऊन सहादेव बियाणं आणायला गेला. राही अंगणात बाजेवर घोंगडी लपेटून उन्हाला पडली होती. छबूबाईने ठरवलं होतं, भाकरी टाकल्या की डोंगराकडे जायचं आणि कुत्रं सोडवून आणायचं. वाटेत सापडला म्हणून सांगायचं. तव्यावर शेवटची भाकरी असतानाच बाहेर भुंकणं ऐकू आलं.

"घे गं बाई तुझं कुत्रं," झुंबरबाई बाजारची पाटी सावरत म्हणाली. "दावं कुरतडतंय, भाकर खात न्हाई. लांडगा बी आला न्हाई मेला. तू दिलंस म्हनून ठिवलं, न्हाई तर पैल्याच दिशी सोडलं असतं."

ती बोलली आणि बाजाराला निघून गेली. ठिपक्या बाजेखाली शिरला. छबूबाई पिठाच्या हातांनी दारात उभी होती.

राहीने हात खाली सोडून त्याचं डोकं कुरवाळलं. मग म्हणाली, "ह्यांनी इचारलं तवा तुमी डोळं मिटलं हुतं." तिचा आवाज अजून फाटलेला होता.

"मी खोटं न्हाई बोलले कुनाशी."

"व्हय. बोललाच न्हाई."

छबूबाई उंबऱ्यावर बसली. "माझं कुत्रं हाय ते," ती म्हणाली.

"कुत्र्यासाठी केलंत व्हय हे? मी मेले असते काल, आक्का."

"ठाव हाय मला. मीच धरून बसले हुते ना तुला!" छबूबाईचा आवाज चढला आणि चढता चढता फुटला. "कुत्र्यासाठी न्हाई केलं. मला बी जायचं हुतं. तू कुत्र्याला न्हेलंस. स्टो न्हेलास, उखळ न्हेलंस, पापडाची डबी न्हेलीस. आक्का, चार दिस चला, असं एकदा तरी आलं का तुझ्या तोंडातनं?"

"न्हाई आलं."

"सुचलं नसंल, म्हनून मी मनाची समजूत घातली."

"सुचलं हुतं," राही म्हणाली. "ह्यांनीच म्हनलं हुतं, वैनीला बी न्हेऊ. मी नगं म्हनले."

छबूबाईने पिठाचे हात लुगड्याला पुसले.

"अठरा वर्सं माझा नवरा वर्साकाठी एकदा सुट्टीवर यायचा," राही सावकाश, श्वास घेत घेत बोलत होती. "आला की कुटं बसायचा? तुमच्या चुलीम्होरं. वैनी, पिठलं टाका. वैनी, तुमच्या भाकरीची लई सय यायची तिकडं. तुमचं हसनं-बोलनं चालायचं आन मी आत खोकत पडलेली. सुट्टी सरली की गेला. त्या गाडीत मी रांधते ते तो खातो. खारट झालं तरी खातो. तिथं मला तुमी नगं हुता."

त्या धुरकट चुलीचा कुणी हेवा करत असेल हे छबूबाईच्या स्वप्नातही नव्हतं. ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला नवाच राग आला. चूल हवी होती तर घ्यायची होतीस! मी काय बांधून ठेवली होती?

"ह्यांना मी काय सांगनार न्हाई," राही म्हणाली. "झुंबरबाईकडं गेलं हुतं, एवढंच सांगीन. पन तुमी चला असं बी म्हननार न्हाई. सरळ सांगते. पोटात एक आन व्हटात एक, तसं मला जमत न्हाई."

"नगं म्हनू," छबूबाई म्हणाली आणि भाकरी करपल्याचा वास आला म्हणून आत गेली.

निघायच्या दिवशी तिने दशम्या बांधून दिल्या, लसणाची चटणी दिली. कानिफनाथने तिच्या पाया पडून "वैनी, येतो" म्हटलं. राही पुढच्या बाकावर बसली, ठिपक्या मागे फळीवर. कानिफनाथने हँडल मारलं, इंजिन खोकलं, धडधडलं. छबूबाई बाजूला सरली.

मग राही खाली उतरली. मागचं दार उघडून आत चढली आणि तिथूनच म्हणाली, "आक्का, तुमची भन केडगावला असती न्हवं? तितपत चला. फुडं बसा. येताना एस्टी हाय."

छबूबाईला ती भीक वाटली. नको म्हणायला तिने तोंड उघडलं. सहादेवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हशीची धार कोन काढंल?"

"मला काय हात न्हाईत?" सहादेव म्हणाला.

ती नेसत्या लुगड्यानिशी पुढच्या बाकावर जाऊन बसली.

एस्टीत ती पूर्वी बसली होती. पण तिथे बाजूच्या खिडकीतून झाडं मागे पळताना दिसायची. इथे अख्खा रस्ता समोरून अंगावर येत होता. करंजीचा घाट लागला. वळणावर गाडी झुकली तशी तिने कानिफनाथच्या सदऱ्याची बाही धरली, मग सोडली, आणि पुढच्या वळणावर तिला हसू फुटलं. माथ्यावर पोहोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं. मधल्या झरोक्यातून राही दिसत होती, ठिपक्याचं डोकं मांडीवर घेऊन. दोघींची नजरानजर झाली. छबूबाई पुन्हा रस्त्याकडे वळली.

नगरात लष्कराच्या गाड्यांची रीघ लागली होती. पाकिस्तानशी जुंपणार असं जो तो बोलत होता. कानिफनाथ प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरकडे मान उंचावून बघायचा आणि हात करायचा. छबूबाईला वाटलं, अशीच रीघ राहावी, गाडी पुढे सरकूच नये. पण रीघ सरली आणि केडगाव अगदी लगेच आलं.

ती उतरली. राही मागून येऊन पुढे बसली, छबूबाईच्या अंगाची ऊब लागलेल्या जागेवर.

"जपून ऱ्हा," छबूबाई म्हणाली.

"व्हय. तुमी बी."

गाडी पुण्याच्या रस्त्याने निघून गेली. छबूबाई कडेच्या लिंबाखाली उभी राहिली. आधी तिला फक्त पडदे आणि तोटी ठाऊक होती. आता तो बाक किती मऊ आहे तेही ठाऊक झालं होतं, आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं.

धाकटी बहीण चांगुणा तिला बघून चकितच झाली. "अगं, एकलीच? कुनी सोडलं?"

"दिरानं. घरगाडीतनं."

"अन् ते फुडं गेले? समुद्रावर? मग तू का न्हाई गेलीस, बया?"

म्हैस आहे, ज्वारी उभी आहे, नवऱ्याला जेवायला कोण घालील, अशी सगळी उत्तरं छबूबाईच्या जिभेवर होती.

"मला बोलावलं न्हाई," ती म्हणाली.

चांगुणाने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं, पण ती निघाली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बहिणीच्या अंगणात ऊन खात बसायची आणि मनात हिशेब चालायचा, आज सातारा गेला असेल, आज कोल्हापूर. जेवताना घास हातात राहायचा. चांगुणा डोक्याला तेल लावून द्यायची, दोघी लहानपणीचं काहीबाही बोलायच्या, मध्येच छबूबाई म्हणायची, "आता पोचले असतील."

एक दिवस सकाळच्या एस्टीने सहादेव आला. धोतर चुरगळलेलं, दाढी वाढलेली. ओसरीवर टेकला, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"म्हैस?" तिने विचारलं.

"शेजारचा पुंजाराम बघतोय. मला धार देत न्हाई ती. लाथ मारती."

बहीण चहा टाकायला आत गेली. छबूबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमाला एक सांगायचंय. कुत्रं मीच दिलं हुतं झुंबरबाईला."

"ठाव हाय."

"कोन बोललं?"

"कोन न्हाई. तिच्या वस्तीवरनं येत हुतो. भुंकला. वळखीचा आवाज."

"आन तुमी गप ऱ्हायला?"

सहादेवाने पागोट्याचा पिळ उलगडून पुन्हा बसवला. "कानिफा अठरा वर्सं बाहेरच हुता," तो म्हणाला. "आता आला, तर थंडी पडली की चालला. मला बी वाटायचं, एक साल त्यानं हितं ऱ्हावं. माझ्यासंगं वावरात." मग म्हणाला, "तिचा श्वास कोंडला तवा मी बी घाबरलो."

छबूबाईने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाच्या मनात काही चालत असेल, हे इतक्या वर्षांत तिने कधी धरलं नव्हतं.

चहा आला. सहादेवाने बशीत ओतून घेतला, फुंकून प्यायला.

"उद्याच्या एस्टीनं निघू," तो म्हणाला.

"परवा," छबूबाई म्हणाली.

चांगुणाचा नवरा बाहेर निघाला होता, त्याला सहादेवाने हाक मारून थांबवलं, स्वतःच्या वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला आणि विचारलं, "पाव्हनं, तुमच्याकडं न्हावी कुटं बसतो?"